ओठाआडची वाट

तिच्या प्लंबर नवऱ्याच्या गळ्यातली थायरॉइडची गाठ खालच्या ओठाआडून कॅमेरा घालून काढणार, हे ऐकताच त्याची भीती पळाली, चौकशा सुरू झाल्या. तुंबलेल्या पाइपांत कॅमेरा सोडणं त्याचं रोजचंच काम. “डॉक्टर, आत काच धुकट होत नाही?” “होते. गरम पाण्यात बुडवून घेतो.” “मीसुद्धा! आणि लिंबाएवढी गाठ बाहेर कशी येणार?” “पिशवीत भरून. जपावं लागतं ते शेजारच्या आवाजाच्या नसेला.” ती चपापली. खालून तो ओरडायचा, गच्चीवर ती टाकीचा कॉक फिरवायची. वीस वर्षं धंदा त्या हाकेवरच चालला होता. शस्त्रक्रियेनंतर तो शुद्धीवर आला. गळ्यावर ओरखडाही नव्हता. “बोला काहीतरी,” डॉक्टर म्हणाल्या. त्याने कुठल्याशा टपटपीकडे कान टवकारले. तिचा जीव टांगणीला. “बेसिनच्या नळाचा वॉशर गेलाय,” तो खणखणीत म्हणाला, “कॉक फिरव!” ती रडतच धावली.