गळती

"तीनदा गॅस भरलात, तीनदा उडाला. एसी जमत नसेल तर गॅरेज बंद करा!" जुन्या स्पोर्ट्स कारचा मालक माझ्यावर खेकसला.

मी दात-ओठ खाल्ले आणि या वेळी गॅसबरोबर रंग सोडला. गळती असेल तिथे तो जांभळ्या दिव्याखाली हिरवा चमकतो. अर्धा तास एसी चालवला. मालक लांब उभा राहून शिव्या घालत होता. गाडीला त्याने बोटही लावलं नाही.

मग इंजिन बंद करून, अंधार हवा म्हणून मीच शटर ओढलं.

पाइप कोरडे. सांधे कोरडे. कंप्रेसरही कोरडा.

"सापडली का गळती?"

मी चिडून वळलो. हातातल्या जांभळ्या दिव्याचा उजेड त्याच्या तोंडावर पडला. नाकपुड्या, ओठ, दात, सगळं हिरवं चमकत होतं.

"सापडली वाटतं," तो पहिल्यांदाच हळू बोलला आणि शटरला पाठ लावून उभा राहिला.