रेशमी नाव

बर्फावरून घसरत आलेला जड दगड वर्तुळाच्या मधोमध थांबला आणि मृदुलाने बर्फ घासायचा ब्रश आनंदाने उंच उडवला. कर्लिंगच्या अंतिम सामन्यातला तो शेवटचा दगड. आता एशियाडला जायचं पक्कं!

तेवढ्यात तिच्याच कॅप्टनने, हेमांगीताईने, हात वर केला. "हिचा ब्रश दगडाला लागला."

या खेळात अशी चूक आपली आपणच सांगायची असते, पंच विचारायला येत नाही. दगड बाद झाला, हातातला सामना गेला.

"अगं ताई, नाही गं लागला!"

"मी पाहिलंय. खेळाशी बेइमानी करायची नाही, मृदुला."

मृदुलाने ब्रश उचलून बाजूला ठेवला. ब्रश धरायला शिकवलं ते ताईनेच. चुकलंच असेल आपलं. प्रामाणिकपणाबद्दल ताईला खास बक्षीस मिळालं, तेव्हा सगळ्यांत जोरात टाळ्या हिनेच वाजवल्या.

मग जिंकलेल्या संघाने एशियाडसाठी दुसऱ्या संघातून निवडलेल्या राखीव खेळाडूला मंचावर बोलावलं. हेमांगीताई लगबगीने पुढे झाली. त्यांनी तिला संघाचं जाकीट घातलं. पाठीवर रेशमाने 'हेमांगी' हे नाव भरलेलं होतं.

टाळीसाठी उचललेले मृदुलाचे हात तसेच राहिले. असं भरतकाम काही तासाभरात होत नाही.