शंभर दिवसांची हजेरी

फोन थरथरला तेव्हा सर खिडकीपाशी आरामखुर्चीत बसून चहात बिस्किट बुडवत होते. पडद्यावर लाल अक्षरं होती : ‘तुमच्या हृदयाचे ठोके अनियमित आहेत. चालणं ताबडतोब थांबवा.’

सरांनी छातीवर हात ठेवला. आत सगळं शिस्तीत चाललं होतं. चालणं थांबवायचा तर प्रश्नच नव्हता. सकाळपासून ते फक्त स्वयंपाकघरापर्यंत जाऊन आले होते. मग बिस्किट तुटून चहात पडलं, आणि सरांना आठवलं की पट्टा पोस्टमनच्या मनगटावर आहे.

पट्टा मुलीनं पाठवलेला. गेल्या वर्षी सरांच्या हृदयात स्टेंट बसला, तेव्हापासून तिनं एकच धोशा लावला होता : एकटं राहायचं नाही, माझ्याकडे या. तिचं घर दुसऱ्या शहरात, नवव्या मजल्यावर. तिथं सगळं होतं, फक्त सरांची खिडकी नव्हती. रडून, भांडून, अबोला धरून शेवटी तह झाला. रोज दहा हजार पावलं, सलग शंभर दिवस. जमलं तर घराचा विषय कायमचा बंद. एक दिवस जरी चुकला तरी सामान बांधायचं. पावलं आणि ठोके तिला तिच्या फोनवर दिसणार होते.

पहिल्याच सकाळी सर कोपऱ्यापर्यंत गेले आणि पोटऱ्या धरून परत आले. फाटकात पोस्टमन उभा होता. हा त्यांचाच विद्यार्थी, शेवटच्या बाकावरचा. दुसऱ्याच्या नावाला ‘हजर’ म्हणताना सापडला होता आणि सरांनी त्याला अख्खा तास अंगठे धरून उभं केलं होतं.

“एक काम करशील का रे?” सरांनी पट्टा पुढे केला आणि अडखळत सगळं सांगितलं.

पोस्टमननं आधी पट्ट्याकडे पाहिलं, मग सरांकडे. “म्हणजे सर, तुमची हजेरी मी लावायची?”

“मोठ्यानं नको बोलूस.”

तेव्हापासून तो सकाळी पट्टा बांधून टपाल वाटायला निघे आणि दुपारी आणून देई; सुट्टीच्या दिवशी नुसताच फिरून येई. पट्टा खूश होता. दहाव्या दिवशी सरांना कांस्यपदक मिळालं, पन्नासाव्या दिवशी रौप्य. फोनच्या पडद्यावर रंगीत कागद उडत आणि ‘शाब्बास!’ अशी अक्षरं येत. छत्तीस वर्षांच्या नोकरीत सरांनी हा शब्द तीनदा वापरला असेल. पण तो ऐकायला बरा वाटतो हे त्यांना आता कळलं. हल्ली तर ते शेजाऱ्यांना गुडघ्यांची निगा कशी राखावी हेही सांगू लागले होते.

आज शंभरावा दिवस होता.

सरांनी पोस्टमनला फोन लावला. नुसताच वाजत राहिला. कामाच्या वेळी तो फोन उचलत नसे. ही शिस्त सरांचीच. मग त्यांनी फोनवर पट्ट्याचा नकाशा उघडला. त्यावर एक निळा ठिपका होता आणि शेजारी लिहिलं होतं : ‘तुम्ही इथे आहात.’ ठिपका पाण्याच्या टाकीपलीकडे, बंद पडलेल्या छापखान्याजवळ होता. आणि हलत नव्हता.

सर घरातल्या सपातांनिशीच निघाले. आपण नेमके कुठे आहोत हे त्यांना दिसत होतं. फक्त तिथं पोचायचं होतं. कोपरा गेला. बेकरी गेली. टाकीच्या चढावर एक सपात मागे राहिली, ती घ्यायला ते वळले नाहीत.

छापखान्याच्या पायरीवर पोस्टमन बसला होता. शर्ट घामानं चिकटलेला, चेहरा राखेसारखा, एक हात छातीवर आणि दुसरा टपालाच्या पिशवीवर.

“सर, तुम्ही कशाला आलात?” तो कसाबसा म्हणाला. “चारच हजार राहिलीत. जरा दम खातो, करतो पूर्ण.”

“गप्प बस, गाढवा,” सर म्हणाले आणि त्याचं डोकं आपल्या खांद्यावर टेकवून घेतलं.

तेवढ्यात फोन वाजला. मुलगी होती. आवाज कापत होता. “बाबा, अजिबात हलू नका. मला सगळं दिसतंय इथं. घरी ॲम्ब्युलन्स पाठवलीय, निघालीसुद्धा. फक्त दार उघडं ठेवा.”

सरांनी एकदाच डोळे मिटले. खिडकी, खुर्ची, फाटक, सगळं समोर येऊन गेलं.

“घरी नको,” ते म्हणाले. “टाकीमागच्या छापखान्याकडे वळव, लवकर. ते ठोके माझे नाहीत.”

 मग तिनं कुणाला तरी दुसऱ्या फोनवर घाईघाईनं पत्ता सांगितलेला ऐकू आला.

दोन तासांनी डॉक्टर बाहेर येऊन म्हणाले, वेळेवर आणलंत, वाचला. नर्सनं पट्टा सरांच्या हातात दिला. सर व्हरांड्यातल्या बाकावर बसले, एका पायात सपात, दुसरा अनवाणी, आणि त्यांनी मुलीला फोन लावला. वर्गात पकडलेली मुलं कुठं बघायची ते त्यांना आठवलं. तेही फरशीकडे बघू लागले.

“म्हणजे शंभरच्या शंभर दिवस खोटे?” तिनं विचारलं.

“नव्व्याण्णव. आज चाललो. पण त्याची नोंद नाही.” सरांनी पट्टा खिशात टाकला. “सामान बांधायला घेतो.”

 सातवीत असताना बापाच्याच वर्गात कॉपी करताना ती सापडली होती. दुसरे मास्तर अशा वेळी पेपर फाडत. सरांनी तिच्या बाकाशी उभं राहून, तिच्याकडे न बघता, दोनच वाक्यं म्हटली होती. आता फोनवर तिच्या आवाजात तीच वाक्यं आली, अगदी तशीच, कोरडी आणि करडी.

“पेपर फाडत नाही. पहिल्यापासून लिहा.”