पट्टी लावलेली झांज

“ताई, एवढ्या पैशांत दोन नवे ड्रमसेट येतील. घासाघीस तरी कर,” धाकटा भाऊ पुटपुटला.

जुन्या वाद्यांच्या दुकानदाराने सांगितली तेवढी रक्कम सुनेत्राने गल्ल्यावर ठेवली. ऑर्केस्ट्रा बुडाल्यावर वडिलांनी, अप्पांनी विकलेला सेट, ते गेल्यावर वर्षभर शोधून तिला सापडला होता.

खूश होऊन दुकानदाराने सेटवरची झांज वाजवली. आवाज दबका आला. त्याने ती उलटी केली. आत जखमेवर लावायची चिकटपट्टी होती.

“काढून देतो, मग बघा कशी खणखणते.” त्याने नखाने पट्टीची कड उचलली.

“नको,” सुनेत्राने त्याचा हात अडवला. “आमचं घर एका खोलीचं होतं. आम्ही झोपलो की अप्पा पट्टी लावून सराव करायचे.”

दुकानदाराने कड पुन्हा दाबून बसवली. भावाने झांज अलगद उचलली, खोलीत कुणी झोपलेलं असावं तशी.