इस्त्री केलेलं चित्र

“याला इस्त्री केलीत?” मॅडमनी विचारलं.

“काल संध्याकाळी,” म्हातारा जरा ऐटीतच म्हणाला. “हलक्या हाताने, वर सुती फडकं टाकून. चार ठिकाणी फुगलं होतं. आता बघा कसं सरळ झालंय.”

मॅडमनी बघितलं आणि क्षणभर डोळे मिटून घेतले. संग्रहालयात जुन्या छापील चित्रांची पारख करण्यात त्यांची वीस वर्षं गेली होती. लोक चित्रांची सुरळी करून आणत, कडांना चिकटपट्ट्या मारून आणत. एका बहाद्दराने तर खाली स्वतःची सही ठोकून आणली होती. पण इस्त्री करून आणणारा हा पहिलाच. आणि त्याला बोलणार तरी काय? चाळीस वर्षं इस्त्रीचं दुकान चालवलेला माणूस. चारचौघांत न्यायची वस्तू चुरगळलेली नेऊ नये, एवढंच त्याला ठाऊक.

“काका, याला एचिंग म्हणतात. तांब्याच्या पत्र्यावर रेघा काढायच्या, त्या तेजाबाने खोल करायच्या, त्यांत शाई भरायची आणि पत्रा ओल्या कागदावर दाबून छापायचं. त्या दाबाने चित्राभोवती कागदाला खाच पडते. विकत घेणारा आधी ती खाच बघतो. तुमच्या इस्त्रीखाली ती सपाट झाली.”

म्हाताऱ्याच्या तोंडचं पाणी पळालं. “म्हणजे खोटं ठरलं?”

“नाही, नाही.” मॅडमनी कागद खिडकीच्या उजेडासमोर धरला, त्याच्या पोटातलं कागद-कारखान्याचं चिन्ह पाहिलं. मग जुन्या चित्रांची एक जाडजूड सचित्र यादी उघडली आणि भिंग घेऊन चित्रातल्या बंदरातली एकेक होडी तिच्यातल्या फोटोशी ताडून बघितली. “अस्सल आहे. दीडशे वर्षांपूर्वीचं. काल सकाळी आला असतात तर चांगली किंमत सांगितली असती. आता तिचा दहावा हिस्साही कुणी देणार नाही.”

“किमतीचं राहू द्या. मला विकायचं नाही.” म्हातारा टेबलाजवळ सरकला. “हे आमच्या घरात कसं आलं, ते कळेल का तुम्हाला?”

“तुम्हाला माहीत नाही?”

“बायकोने सांगितलेलं माहीत आहे. ती एका आजारी बाईंची देखभाल करायची. अकरा वर्षं. बाई जायच्या महिनाभर आधी हे घेऊन आली. म्हणाली, बाईंनी दिलं. बाई गेल्या आणि त्यांचा पुतण्या आमच्या दारात उभा. मोलकरणीला असलं कोण देतं, म्हणाला. सगळी गल्ली ऐकत होती. त्याला चित्र नकोच होतं, बोलायला निमित्त हवं होतं. आणि मी... त्याच्यासमोरच तिला विचारलं, खरंच दिलं ना गं?”

“मग?”

“आत निघून गेली. त्यानंतर घरात या चित्राचं नाव निघालं नाही. तिला जाऊन आता तीन महिने झाले.”

मॅडमनी चित्र उलटं केलं. पूर्वीचे मालक कधीकधी मागे काहीबाही लिहून ठेवतात. ही बाजू मात्र लख्ख होती. फक्त खालच्या कोपऱ्यात कागद खरवडल्यासारखा दिसत होता.

“इथे काही होतं का?”

“पेन्सिलीचं काहीतरी होतं, अगदी बारीक, माझ्या डोळ्यांना लागलं नाही. दुकानदाराचे आकडे असतील म्हणून खोडरबराने काढून टाकलं. गिऱ्हाइकाच्या हातात कपडा देताना आम्ही त्यावर खूण ठेवत नाही.”

मॅडमना त्याच्यावर ओरडावंसं वाटलं. त्यांनी पडदा ओढला आणि टेबलावरचा दिवा इतका खाली वाकवला की उजेड कागदाला घासून जाऊ लागला. पेन्सिल खोडता येते. दाबून लिहिणाऱ्याचा हात सगळाच्या सगळा खोडला जात नाही, हलक्या इस्त्रीनेही पुरता पुसत नाही. भिंगातून एकेक शब्द लागत गेला तसा त्या वहीत उतरवत गेल्या. तेवढा वेळ म्हातारा उभाच होता. खुर्ची शेजारी असून त्याला दिसली नाही.

शेवटी त्यांनी वाचून दाखवलं. “‘हे चित्र मी माझ्या खुशीने हिला देत आहे. अकरा वर्षं हिने मला’... पुढचे दोन शब्द गेलेत... ‘कुणी विचारलं तर हे दाखव.’ खाली सही आहे.”

एवढं ऐकल्यावर खरं तर म्हाताऱ्याचा जीव भांड्यात पडायला हवा होता. तो खुर्चीत बसला आणि रडू लागला.

मॅडमनी पाण्याचा पेला पुढे सरकवला. “त्यांना वाचता येत नव्हतं का?”

“येत होतं की. कपड्यांच्या चिठ्ठ्या तीच लिहायची.”

“मग त्या पुतण्याला हे दाखवायचं ना. त्याचं तोंड तिथल्या तिथे बंद झालं असतं.”

“दाखवणारच होती, मॅडम.” म्हाताऱ्याने पेला उचलला, पण प्यायला नाही. “कपाटातून काढून, हे असं उलटं धरूनच ती दारापर्यंत आली होती. मी विचारलं, तशी मागे फिरली.”