हाकबंदी

"हाक मारायची नाही," जीपमधून न उतरताच डॉ. केळुसकर म्हणाले. "ती हाक ऐकली की टायटॅनिस धावत येतात."

"माझी ऐंशी मेंढरं तुमच्या पाखरांकडंच निघालीत," कोंडाबाई देवकाते म्हणाली. "हाकेबिगर ती वळत न्हाईत."

लाखो वर्षांपूर्वी संपलेले हे माणसाएवढे उंच, न उडणारे, मांसखाऊ पक्षी केळुसकरांनीच प्रयोगशाळेत पुन्हा जन्माला घातले होते. पिल्लं सांभाळायला कोंडाबाईलाच ठेवलं होतं. मांस टाकताना ती सवयीनं मेंढरांचीच हाक द्यायची. एकाही शहाण्यानं तिला अडवलं नाही. पक्षी मोठे झाले तसे माळावर सोडले, आणि बंदी मात्र मेंढपाळांवर आली.

"मग गप चालत जाऊन वळवा की."

"तुमी जाल का?"

"मी शास्त्रज्ञ आहे, बाई."

"आन् मी काय, त्यांचा चारा?"

केळुसकर काच वर करू लागले. कोंडाबाईनं आत हात घालून जीपची चावी उपसली, गोफणीत घातली आणि मेंढरांच्या दिशेनं भिरकावली.

"आता तुमचंबी तिकडं कायतरी हाय," ती म्हणाली. "उतरा. आन् तोंड मिटून चला."