शेगडीचा धूर

भिंतीचा निळा रंग तिसऱ्यांदा चुकला. विष्णुपंतांनी ओल्या चुन्यावर बोट फिरवलं आणि मान हलवली. "और फीका, कंछेदी. नील कम."

कंछेदी मिस्त्रीने ब्रश बादलीत टाकला. "बाबूजी, इत्ते में तो नया दुमंजिला खड़ा हो जाता. और आप बैठे नील नाप रहे हैं!"

नेपियर टाउनमधलं हे दगडी, कौलारू घर विष्णुपंतांनी आठ महिन्यांपूर्वी विकत घेतलं होतं. एके काळी ते त्यांच्या सासऱ्यांचं, अण्णांचं होतं. लेकीच्या लग्नाच्याच वर्षी अण्णांनी ते विकलं. मग तिथे वकिलाची कचेरी झाली, कोचिंग क्लास झाला, शेवटी गोदाम. खमरियाच्या फॅक्टरीतून निवृत्त होताना मिळालेला फंड या घरात गेला. रिछाईजवळचा प्लॉटही गेला. मेघना, त्यांची मुलगी, नागपूरहून फोनवर भांडली होती. "बाबा, काहून करून राहिले हे? आईला आता घर काय न् धर्मशाळा काय!"

त्यांच्या बायकोला, विनताबाईंना वर्षभरापासून कोणीच ओळखू येत नव्हतं. नवऱ्याला त्या दवाखान्यातला कंपाउंडर समजत. रोज संध्याकाळी चपला घालून दाराशी उभ्या राहत. "मला अण्णांकडे सोडा." डॉक्टरांनी हात टेकले होते. विष्णुपंतांनी ठरवलं, सोडायचं.

त्यांना स्वतःला ते घर एकाच दुपारचं नीट आठवत होतं. मुलगी पाहायला आले, ती दुपार. फिक्या निळ्या भिंती. लाल कोब्याची जमीन. खिडकीशी वेताची खुर्ची, दाराला पितळी कडी. विनता चहाचा ट्रे घेऊन आली तेव्हा तिचे डोळे लालबुंद होते. "शेगडीचा धूर हो," तिची आई घाईघाईने म्हणाली होती. हा किस्सा विष्णुपंतांनी पन्नास वर्षं घरोघरच्या लग्नांत सांगितला. "धुरातून उचलून आणली हिला!" पाहुणे हसत. विनताबाई खाली मान घालून वाढत राहत.

"जिथे तिने मला पहिल्यांदा पाहिलं, तिथेच मी तिला सापडेन," ते मेघनाला म्हणाले होते.

चौथ्यांदा रंग जमला. चैत्रातल्या एका दुपारी मेघनाने आईला हात धरून आत आणलं. मेघना आता पन्नाशीला आली होती, आणि चेहरा हुबेहूब आजीचा. विष्णुपंत पांढरा शर्ट घालून खिडकीशी, वेताच्या खुर्चीत बसले होते.

विनताबाई उंबऱ्यातच थबकल्या. त्यांनी भिंतीला तळहात लावला. दाराची कडी त्यांच्या हाताला न बघता सापडली. त्यांनी पदर सारखा केला. मग खुर्चीकडे पाहिलं. वर्षभरात पहिल्यांदाच त्यांची नजर कोणावर तरी ठरली.

"ओळखलंस मला?" विष्णुपंतांनी विचारलं.

"हो. खमरियाचे ना तुम्ही? फॅक्टरीतले."

विष्णुपंतांना हुंदका आवरेना. दारातून कंछेदी ओरडला, "हो गया बाबूजी, हो गया!" मेघना रडता रडता हसली.

विनताबाईंनी तिचं मनगट घट्ट धरलं आणि तिला स्वयंपाकघराच्या दाराआड ओढलं. त्यांचे डोळे लालबुंद झाले होते. त्या घरात अजून शेगडी आलेली नव्हती.

त्या दबक्या आवाजातच बोलल्या, पण रिकाम्या घरात शब्द न् शब्द खुर्चीपर्यंत पोचला.

"आई, अण्णांना परत एकदा सांगून बघ ना. मला नाही करायचं याच्याशी लग्न."